न्हाणीघरातला काळोख

मध्यमवर्गीय बिऱ्हाडात शोधू म्हटले तर बहुतेक सगळे सापडते, काळोख मात्र सापडत नाही. हे तुम्हांला पटायचे नाही. वीज गेली की काळोखच काळोख, असे तुम्ही म्हणाल. पण तो नुसता अंधार झाला. त्यात मांजर दिसते, दाराची फट दिसते, समोरच्या इमारतीतल्या बॅटरीवरच्या दिव्याची तिरीप छतावर नाचताना दिसते. फोटोच्या कागदाला जो काळोख लागतो तो निराळा. त्यात स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तरी तो केवळ आपल्या विश्वासावर तिथे असतो. असा काळोख मी दोन महिने आमच्या पुण्याच्या तीन खोल्यांच्या जागेत शोधत होतो. धान्याच्या कोठीपासून कपड्यांच्या कपाटापर्यंत सगळीकडे डोके घालून झाले. कपाटात मी दार लावून बसलो असताना सौ.ने ते उघडले आणि काहीही न विचारता पुन्हा लावून घेतले. पंचवीस वर्षांच्या संसाराने माणसाला अशी समज येते.

काळोख हवा होता तो एका काचेसाठी. माझ्या वडिलांची मुंज १९५४ च्या वैशाखात वाईला झाली. त्या दिवशी वाड्याच्या चौकात सगळ्या गोतावळ्याचा फोटो काढण्यात आला. काढणारे आजोबांचे मामेभाऊच. साताऱ्याकडे लग्नमुंजींचे फोटो काढीत ते गावोगाव हिंडायचे. फोटो हाफ प्लेट काचेवर घेतलेला, म्हणजे पावणेपाच इंच रुंद आणि साडेसहा इंच लांब. त्या एवढ्याशा जागेत सव्वीस माणसे तीन रांगांत बसवलेली. मध्यभागी गोटा केलेले वडील, हातात दंड, चेहऱ्यावर उपाशी बटूचा त्रासिक भाव. तिसऱ्या रांगेत उजवीकडे दोन तरुण बायका शेजारीशेजारी उभ्या आहेत. दोघींच्या डोक्यांवर पदर, दोघींच्या नाकांत नथ. त्यांतली एक माझ्या चुलत आत्याची, यमूआत्याची, आई.

यमूआत्या त्या वेळी चार वर्षांची होती. पुढल्याच वर्षी तिची आई गेली. तिच्या वडिलांनी दुसरे लग्न केले, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे पहिलीविषयी घरात कोणी बोलले नाही. आईचा एकटीचा फोटो कधी निघालाच नव्हता. होती ती एवढी एक प्रत. ती नारायण पेठेतल्या घरी भिंतीवर होती, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा ती पाण्यात गेली. चिखलातून काढली तेव्हा कागद फुगून आलेला, आणि नेमका उजवा वरचा कोपरा तपकिरी डागाने झाकलेला. त्या डागातून डावीकडची बाई थोडी दिसायची, उजवीकडची जवळजवळ दिसतच नव्हती. अकरा वर्षांच्या मुलीने जी दिसत होती तिलाच आई मानले. तेव्हापासून तो फोटो तिच्या देवघराशेजारी आहे. रोज सकाळी देवांना फूल वाहिले की एक त्याला.

वीस वर्षांपूर्वी कुठल्याशा लग्नात वाईच्या एक नव्वदीच्या काकू पंगतीत तिच्या शेजारी बसल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “अगं, तुझी आई ती नव्हे. ती पलीकडची. कपाळावर आडवी चिरी लावायची ती. आम्ही बाकीच्या सगळ्या वाटोळं कुंकू लावायचो.” एवढे बोलून त्यांनी मठ्ठा मागितला. काकू पुढे फार दिवस राहिल्या नाहीत. माझ्या वडिलांना विचारावे तर त्या मुंजीतली त्यांना फक्त भिक्षावळीतल्या लाडवांची संख्या आठवायची. आत्या वीस वर्षे हे कोणाशी बोलली नाही. मला बोलली ती यंदाच्या आषाढात, आणि तेही मोतीबिंदूचे दुसरे ऑपरेशन झाल्यावर. “आता स्पष्ट दिसतंय रे, पण पाहायला काहीच नाही,” असे म्हणाली.

मामेआजोबांच्या ट्रंकेतून ती काच आमच्याकडे आलेली होती. एक कोपरा तडकलेला, कडेचे पापुद्रे सुटू लागलेले, पण उजवा वरचा भाग शाबूत. वाचायच्या भिंगातून मी ती खिडकीशी धरून पाहिली. उलट्या छायेत काळ्या चेहऱ्यांच्या दोन बाया, आणि दोघींच्या कपाळांवर तिळाएवढी पांढरी जागा. ठिपका की रेघ, हे त्या भिंगाला ठरवता येईना. भाच्याने मोबाइलवर टिपून बोटांनी ताणून दाखवले, तेव्हा चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. चांगल्या स्कॅनरवर हे काम उत्तम होते, मला मान्य आहे. पण तडकलेली काच स्कूटरवरून कोणाच्या तरी दुकानात पाठवायला आत्याचा जीव धजेना, आणि खरे सांगायचे तर माझाही. शिवाय तिला पडद्यावर पाहायचे नव्हते. “बोट लागलं की आई पळते,” असे ती म्हणाली.

म्हणून काळोख. शेवटी न्हाणीघरावर शिक्कामोर्तब झाले. आठ फूट लांब, साडेचार फूट रुंद, एक झरोका, नळ आणि मोरी. सौ.ने तीन अटी घातल्या. स्वयंपाकघरातले एकही भांडे घ्यायचे नाही. काम रात्री दहानंतर. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला न्हाणीघर रिकामे, धुतलेले मिळाले पाहिजे. पहिली अट रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर होती. या रसायनांचे ट्रे, पेले, मोजमापे कायमची वेगळी ठेवावीत, त्यांच्यावर नावे लिहावीत, आणि हातमोज्यांवाचून त्यांना हात लावू नये. मेटॉल काहींच्या कातडीला मुळीच सोसत नाही.

आता एन्लार्जर. जुन्या बाजारात जे एन्लार्जर मिळतात ते बहुतेक पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचे. चार बाय पाच इंचांचा मिळाला तर तो उचलायला दोन माणसे लागतात आणि ठेवायला उंच छत. आमच्या न्हाणीघराला तर वर माळा, आणि माळ्यावर गणपतीचे मखर. शिवाय हाफ प्लेट त्यातही बसत नाही. पण ट्रंकेत काचेबरोबर ती काच टिपणारा कॅमेराही होता, केरळातल्या आलप्पुळा इथे तयार झालेला लाकडी ‘वागीश्वरी’. भाता शाबूत, आठ इंची भिंग शाबूत. कॅमेरा आणि एन्लार्जर यांत फरक फक्त प्रकाशाच्या दिशेचा. ज्या जागी १९५४ साली काच बसली होती त्याच जागी, तशीच उलटी, मसाल्याची बाजू भिंगाकडे करून ती बसवायची, आणि पाठीमागून उजेड सोडायचा. त्या दिवशी माणसांकडून जो प्रकाश भिंगातून काचेवर आला, तो त्याच वाटेने परत निघतो आणि समोरच्या भिंतीवर माणसे सरळ उभी करतो. पूर्वी पुष्कळ फोटोग्राफर असेच आडवे एन्लार्जर घरी जुळवीत.

याचे गणित सोपे आहे. जितक्या पट मोठे करायचे त्यात एक मिळवा आणि भिंगाच्या इंचांनी गुणा. सहा पट हवे तर सात गुणिले आठ, म्हणजे भिंगापासून कागद छप्पन इंचांवर. काच भिंगामागे साडेनऊ इंचांच्या आत. सगळे मिळून साडेपाच फूट, वर दिव्याच्या पेटीला एक फूट. आठ फुटांच्या न्हाणीघरात हे बसते आणि मी उरलेल्या दीड फुटात बसतो. हरभऱ्याच्या दाण्याएवढा चेहरा सहा पटीने लिंबाएवढा होतो. अख्खा फोटो सव्वातीन फुटांचा होईल, पण मला अख्खा नको होता. त्या दोघी उभ्या आहेत तेवढ्याच जागी बारा बाय सोळाचा कागद लावला की काम झाले.

कॅमेरा ठेवला सौ.च्या शिवणयंत्राच्या ओतीव लोखंडी पायांवर. (ही परवानगी वेगळी मागावी लागली. तिची किंमत भाऊबीजेच्या हिशेबात निघाली.) सुताराकडून काचेसाठी चौकट करून घेतली. तडा आणखी जाऊ नये म्हणून जुन्या काचेला पाठीमागून दुसऱ्या स्वच्छ काचेचा आधार दिला. मागे दुधी ॲक्रिलिकचा तक्ता आणि त्यामागे पेटीत एलईडी दिवे. जुन्या काळचे पाचशे वॅटचे बल्ब असते तर त्या उष्णतेने पापुद्रे उरलेसुरलेही सुटले असते. नव्या दिव्यांची खोड अशी, की बटण बंद केल्यावरही काही दिवे क्षणभर मंद जळत राहतात. मग बटणाच्या भरवशावर न राहता मी भिंगाची टोपीच काढायची आणि घालायची असे ठरवले. मामेआजोबा तेच करीत.

भिंतीवरचा फळा आणि काच एकमेकींना तंतोतंत समांतर हवी. नाहीतर एका बाईचे डोळे स्पष्ट आणि दुसरीचे पुसट. त्यासाठी साध्या काचेवर शाईने काटकोन चौकोन आखून तो फळ्यावर पाडला आणि त्याचे कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे, समोरासमोरच्या बाजू सारख्या, की जमले. मला दोन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री वरच्या मजल्यावर चकलीची भाजणी दळायला घेतली आणि माझा चौकोन थरथरू लागला. चाळीस सेकंद कागदावर प्रकाश पडत असताना घराने श्वास रोखून धरायला हवा. आश्विनात, फराळाच्या दिवसांत, ही अपेक्षा करणे अवघड. मग रात्री दहाऐवजी साडेबारा.

काळोखाची परीक्षा अशी घ्यायची: दार लावून दहा मिनिटे नुसते बसायचे. पहिल्या पाच मिनिटांत वाटते की सगळे ठीक आहे. मग हळूहळू एकेक गळती दिसू लागते. मला दिसल्या त्या या: दाराखालची फट, कुलपाचे भोक, गीझरचा लाल डोळा, आणि झरोका. झरोका बुजवला तर माणूस आत गुदमरतो. म्हणून त्यावर आतून काळा रंग दिलेली, दोनदा वळण घेणारी पुठ्ठ्याची पेटी बसवली. वारा वळून येतो, प्रकाशाला वळता येत नाही. तांबड्या दिव्याचीही परीक्षा असते. कागदाच्या तुकड्यावर रुपया ठेवून पाच मिनिटे त्या दिव्याखाली ठेवा, मग तुकडा डेव्हलपरमध्ये बुडवा. रुपयाचा गोल उमटला तर दिवा खोटा. माझा पहिला दिवा खोटा निघाला, दुसरा खरा.

रसायनांविषयी लोक उगाच घाबरतात. कोडॅकच्या ‘डी-७२’ नावाच्या जुन्या पाककृतीत एक लिटर पाण्याला मेटॉल तीन ग्रॅम, सोडियम सल्फाइट पंचेचाळीस, हायड्रोक्विनोन बारा, सोडियम कार्बोनेट ऐंशी आणि पोटॅशियम ब्रोमाइड दोन. वापरताना एकास दोन पाणी. क्रम मात्र पाळायचा. मेटॉल आधी विरघळवायचे, कारण सल्फाइट पुष्कळ झाले की ते विरघळत नाही. ज्या घरात चकलीच्या मोहनावरून वाद होतात त्या घराला हे नवीन नाही. डेव्हलपरनंतर ॲसेटिक ॲसिडचे पाणी, मग हायपो. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे सर जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच शोधून ठेवले होते. फोटोग्राफी जन्माला आल्यावर, १८३९ मध्ये, ते तिच्या कामी आले. हायपोचे खडे पाण्यात टाकले की पाणी एकदम गार पडते. डेव्हलपर मात्र वीस अंशांवर हवा आणि आमच्या नळाचे पाणी पंचवीसचे. त्यासाठी बर्फाची पिशवी ट्रेखाली.

कागद इंग्लंडहून येणारा, इल्फर्डचा. एके काळी आपल्याकडेही तो होत असे. उटकमंडला १९६० साली ‘हिंदुस्तान फोटो फिल्म्स’ हा सरकारी कारखाना निघाला, आणि त्याच्या ‘इंदू’ नावाच्या फिल्म आणि कागद आमच्या पिढीने शाळाकॉलेजच्या ओळखपत्रांपर्यंत वापरले. तो आता बंद आहे. परदेशी कागदाच्या पाकिटाची किंमत मी सौ.ला सांगितली नाही. तिने पाकिटावर वाचली.

धनत्रयोदशीच्या रात्री आत्याला घेऊन आलो. तिला बाहेर बस म्हटले तर ऐकेना. न्हाणीघराच्या कोपऱ्यात पाटावर पाट ठेवून तिला बसवले. दार लावले. तांबड्या उजेडात ती एकदम लहान दिसू लागली. भिंगाची टोपी काढली तेव्हा भिंतीवर त्या दोघी उभ्या राहिल्या, पण उलट्या छायेत. चेहरे काळे, केस पांढरे. आत्या म्हणाली, “या कोण?” मी म्हटले, “थोडं थांब.”

कागद लावला, चाळीस मोजले, टोपी घातली आणि कागद डेव्हलपरमध्ये सरकवला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी खेड्यापाड्यांतले पुष्कळ फोटोग्राफर ज्या काचा वापरीत त्यांना तांबडा रंग दिसत नसे. तांबडी वस्तू त्यांच्या लेखी काळी. सूर्यासमोर उभ्या असलेल्या बाईच्या कपाळावरचे कुंकू त्या काचेवरून काढलेल्या प्रतीत काजळासारखे काळे येते. आणि डेव्हलपरमध्ये जे सर्वांत काळे तेच सर्वांत आधी उमटते. म्हणून त्या पांढऱ्या कागदावर चेहरे येण्यापूर्वी, नाकडोळे येण्यापूर्वी, पदराखालचे केस आणि दोन कुंकवे आली. डावीकडे वाटोळे. उजवीकडे आडवी रेघ.

आत्याने माझे मनगट धरले. हात हलवू नये म्हणून मी तसाच थांबलो. मग हळूहळू चेहरे वर आले. डावीकडची बाई रेखीव, शांत, डोळे थेट भिंगाकडे. उजवीकडची हललेली. टोपी काढून घालेपर्यंत सेकंदभर सगळ्यांनी स्थिर राहायचे होते. तिने मान किंचित वळवली होती, खाली आणि डावीकडे.

हायपोतून कागद बाहेर काढून दिवा लावला आणि मला एका शंकेने पछाडले. मान हलली तर वाटोळा ठिपकाही ओढला जाऊन आडवी रेघ होतो. म्हणजे ही चिरी चिरी नसून नुसते हलणे असेल. हे आत्याला सांगावे की नाही याचा विचार करीत मी पट्टी आणली. दोघींच्याही नथींच्या मोत्यांवर उन्हाची चकाकी होती. डावीकडच्या नथीत ती टिंबासारखी. उजवीकडच्या नथीत ती ओढलेली, पण तीन मिलिमीटरच. हलणे असले तर ते सगळ्या चेहऱ्याला जवळपास सारखेच. कपाळावरची रेघ बारा मिलिमीटर भरली. हलण्याचे तीन वजा करा, तरी नऊ उरतात, आणि उंची डावीकडच्या ठिपक्याच्या निम्मीदेखील नाही. मी दोनदा मोजले. मग आत्याला सगळे सांगितले, शंकेसकट.

तिने पट्टी माझ्या हातून घेतली आणि स्वतः मोजले. शाळेत गणित शिकवायची ती. नंतर बराच वेळ ओल्या कागदाकडे पाहत राहिली. “डोळे दिसत नाहीत हिचे,” म्हणाली. खरेच दिसत नव्हते. त्या हलल्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन मऊ सावल्या होत्या. जे काचेवर आलेच नाही ते कोणत्याही एन्लार्जरला आणता येत नाही, आणि स्कॅनरलाही नाही. “कुठे बघते आहे ही?” तिने विचारले.

मी जुना फोटो आणला आणि दोघांनी तो शेजारी ठेवून पाहिला. खाली, डावीकडे, पहिल्या रांगेच्या टोकाला, जमिनीवर मांडी घालून बसवलेली चार वर्षांची एक मुलगी आहे. परकरपोलके, हातात पाटल्या. डोके असे हलले आहे की जणू दोन डोकी. ती आत्याच. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, आणि त्यावरून तिला आयुष्यभर चिडवलेही होते.

आत्या काही बोलली नाही. बाहेर सौ. जागीच होती. तिने कॉफी केली. कॉफी पिऊन झाल्यावर आत्या म्हणाली, “त्या दुसरीची पण एक प्रत काढ. एकटीची.”

“ती कोण, हे आता कोणालाच ठाऊक नाही, आत्या.”

“नसू दे. चौसष्ट वर्षं तिला फूल वाहिलं. आता काय खाली उतरवू?”

घड्याळात अडीच वाजले होते. पाकिटात चार कागद उरले होते आणि डेव्हलपर अजून चालण्यासारखा होता. मी तिला पुन्हा पाटावर बसवले आणि दार लावून घेतले.